उत्तर आधीच ठरलेलं असतं का?

"कॉलेज चर्चचं, विषय तेराव्या शतकातला. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं. मग याला तत्त्वज्ञान कशाला म्हणायचं?" मी कॅथलिक कॉलेजात मध्ययुगीन सत्तामीमांसा, म्हणजे 'असणं' म्हणजे काय याचा तात्त्विक विचार, शिकवते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस, त्याचं एकच प्रकरण घेऊ. जगाला सुरुवात होती, असं तो मानायचा. श्रद्धेनंच मानायचा. पण ती सुरुवात निव्वळ बुद्धीच्या बळावर सिद्ध करता येते का? यावर त्याचं स्वच्छ उत्तर आहे : नाही. त्याचा समकालीन बोनाव्हेंचर, तोही पॅरिस विद्यापीठातलाच, म्हणत होता की येते. भूतकाळ अनंत असेल, तर आजच्या आधी अनंत दिवस सरून जायला हवेत. अनंत काही सरत नाही. म्हणजे आजचा दिवस उजाडायलाच नको होता!

ऐकताना पटतं. वर्गात माना डोलू लागतात. अक्वायनस नेमका इथेच अडवतो. अंतर कापायचं तर कुठून तरी निघून कुठे तरी पोचायला हवं. भूतकाळातला कुठलाही दिवस निवडा, तिथून आजपर्यंतचे दिवस मोजून संपतात. अनंत अंतरावर एक 'पहिला दिवस' आपण नकळत गृहीत धरलेला असतो, आणि असा दिवस नव्हताच हे तर अनंत भूतकाळ मानणाऱ्याचं म्हणणं आहे.

ज्या निष्कर्षावर स्वतःची श्रद्धा, त्याचाच पुरावा हा माणूस मोडून काढतो. कारणही सांगतो : लंगडे युक्तिवाद पुढे केले, तर आपली श्रद्धा त्यांच्यावरच उभी आहे असं समजून इतर लोक हसतील. मला या विषयात टिकवून ठेवलं ते या प्रामाणिकपणानं. (देवाबद्दलचे त्याचे युक्तिवादही म्हणूनच जगाच्या सुरुवातीवर टेकलेले नाहीत, वस्तू या क्षणी अस्तित्वात का आहेत, इकडे त्याचा रोख आहे. वस्तूचं स्वरूप वेगळं आणि तिचं असणं वेगळं, हा विचार तो इब्न सीना या मुस्लिम तत्त्वज्ञाकडून मोकळेपणानं घेतो.)

आणि चर्चनं त्याला पहिल्यापासून डोक्यावर घेतलं होतं, असंही नाही. तो 1274 मध्ये वारला. 1277 मध्ये पॅरिसच्या बिशपनं 219 विधानांवर बंदी घातली, त्यातली काही त्याच्या मतांशी मिळतीजुळती होती. संतपद 1323 मध्ये मिळालं. कॅथलिक शिक्षणात त्याला पुन्हा मध्यवर्ती जागा देणारं पोप तेरावे लिओ यांचं परिपत्रक तर 1879 चं.

माझ्या वर्गात बोनाव्हेंचरची बाजू नीट लढवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. कोणी ना कोणी विचारतंच : प्रत्येक दिवसापासूनचं अंतर मोजता येतं, एवढ्यावरून सगळा भूतकाळ सरला हे कसं सिद्ध होतं? आक्षेप वजनदार आहे. मी अक्वायनसच्याच बाजूची. पण त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही तोच वाद पुढे नेतो.