बिजली अखेर टेकली! (कुत्रीला बसायला शिकवण्याची नोंद, सातवा आठवडा)

आज सकाळी पावणेसातला बिजलीने, आमच्या कारवानी (सडपातळ, वेगाने पळणाऱ्या शिकारी जातीच्या) कुत्रीने, पूर्ण बूड टेकलं. शेपटी एका बाजूला वळवलेली, दोन्ही मांड्या गोधडीवर, नजर माझ्या तोंडाकडे. क्लिक (‘बरोबर केलंस, आता खाऊ’ असं सांगणारा खटक्याचा आवाज), चिकन, आणि लगेच पुन्हा. आठ वेळा केलं, आठही वेळा बसली. मला अक्षरशः रडू आलं.

मागच्या नोंदीत तिची ‘हवेतली बैठक’ सांगितली होती, म्हणजे बूड न टेकता अर्धवट वाकून थांबणं. नाकापासून कपाळावरून मागे खाऊचा तुकडा नेला की लॅब्रॅडॉर सहसा आपोआप बसतो. आमची कारवानी चार पावलं मागे जाते. मागे जाता येऊ नये म्हणून कोपऱ्यात उभी केली, तर गुडघे वाकवून जमिनीच्या चार बोटं वर थांबायची. मग नखं टाइल्सवर कर्र करून सरकायची आणि बाईसाहेब पुन्हा उभ्या. त्यात माझी मोठी चूक अशी, की ‘जवळजवळ बसली’ म्हणून मी त्या चार बोटांवरच क्लिक करत राहिले. तीन आठवडे तिने तेच मन लावून शिकलं.

आधी डॉक्टरांकडून कंबर आणि गुडघे तपासून घेतले. दुखणं काही नाही, नखं मात्र वाढली होती, ती कापली. (कुणाचं कुत्रं बसायला टाळत असेल तर हे पहिलं करा, शिकवणं नंतर.) मग नीट बघत बसले. खोल छाती, लांब मांड्या, मागे चरबी नावाला. पळण्यासाठी घडलेलं शरीर ते. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात आणि हाड थेट टोचतं. ती हट्टी नव्हतीच, तिला तिथे बसणं सोसत नव्हतं.

आज्जीने तिची जुनी गोधडी दिली, चार घड्या करून अंथरली. आणि क्रम उलटा केला. बिजली उभ्याची थेट पसरते, पुढचे पाय लांब करून, तेवढं तिला मनापासून आवडतं. मग पसरलेल्या अवस्थेतून सुरुवात. तुकडा नाकाला लावून सावकाश वर. पुढचे पाय एकेक पाऊल आत येतात, कोपर सरळ होतात, बूड जागेवरच राहतं. कोपर सरळ झाले त्या क्षणी क्लिक. हात आणखी वर गेला तर ती उभी राहते, म्हणून मी हात तिच्या हनुवटीच्या वर जाऊच देत नाही. सगळी किमया या दोन इंचांत आहे.

क्लिकरचं म्हणाल तर डबीवाला मोठा क्लिकर बिजलीला सोसत नाही, कान मागे पाडते. साधं खटक्याचं बॉलपेन उत्तम चाललंय. खाऊ म्हणून मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, आणि तेवढं जेवणातून वजा. पाकिटातली बिस्किटं मला आता नकोच वाटतात. चावत बसते, भुगा हुंगत बसते, तोवर लय गेलेली असते.

शब्द अजून जोडलेला नाही. सोमवारपासून ‘बस’ म्हणायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच आतून बाबांचा आवाज आला, “बस बस, पुरे, भात नको आता.” आणि लक्षात आलं, हा शब्द आमच्या घरात दिवसातून पन्नासदा तिच्या कानावर पडतो आणि त्यानंतर काहीच घडत नाही. तिने तो कधीच सोडून दिला असणार. म्हणून शब्द बदलला: ‘टेक’. आधी शब्द, क्षणभर थांबायचं, मग हात. दोन्ही एकदम केलं तर ती फक्त हाताकडे बघते.

फाटकापाशी बसवायचा बेतही आता रद्द करतेय. पावसात चिखलावर, उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तिला बूड टेकायला कशाला लावायचं? तिथे ‘थांब’ शिकवते, चारही पायांवर स्थिर. ‘टेक’ घरातल्यासाठी, ताट ठेवताना आणि पट्टा लावताना.

आता काम गोधडी कमी करण्याचं. चार घड्यांची दोन, मग पायपुसणं, मग नुसती फरशी, आणि फरशीवर सरकली तर पायपुसणं कायमचं राहील. संध्याकाळी दोन घड्यांवर बघते. चिकन उकडायला ठेवलंय, वास लागलाय तिला, आत्ता स्वयंपाकघराच्या दारात पुढचे पाय लांब करून पसरलीय.