फिलोलीचे ट्यूलिप आणि फ्रिजमधले कंद

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला साधारण 30 मैलांवर, वुडसाइडच्या डोंगरउतारावर फिलोली नावाची जुनी जहागीर आहे. एकूण जमीन 654 एकर, त्यातली आखीव बाग 16 एकरांची. बे एरियातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा येतात ते बऱ्याचदा मार्च-एप्रिलमध्ये. त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न असेल तर पहिलं नाव फिलोलीचं घ्यावं. मात्र आठवडा नीट निवडा, कारण इथला बहर एकदम येत नाही. मॅग्नोलिया जानेवारीच्या मध्यापासून, डॅफोडिल फेब्रुवारीत, ट्यूलिप मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आणि गुलाब त्यानंतर. एकदाच जाणं होणार असेल तर मार्चचा शेवट किंवा एप्रिलचा पहिला आठवडा धरा, म्हणजे ट्यूलिप आणि विस्टेरियाची फुलवेल दोन्ही एकत्र मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. थंडी लांबली तर सगळं आठ-दहा दिवस पुढे सरकतं, म्हणून तिकीट काढण्याआधी बागेच्या संकेतस्थळावर सध्या काय फुललंय ते बघा. प्रवेश ठरावीक वेळेच्या तिकिटावर असतो. शनिवार-रविवारच्या वेळा लवकर भरतात. मधला वार जमला तर उत्तम.

280 महामार्गावरून एजवूड रोडला बाहेर पडायचं, पश्चिमेकडे जायचं आणि कन्याडा रोडवर उजवीकडे वळायचं. तिथून मैल-सव्वा मैलावर डाव्या हाताला फाटक लागतं. रविवारी 92 महामार्गाच्या बाजूने येऊ नका, त्या दिवशी कन्याडा रोडचा तो भाग सायकलवाल्यांसाठी राखलेला असतो आणि गाड्यांना बंद. फाटकापर्यंत बस नाही. रेडवूड सिटीला रेल्वेने येऊन टॅक्सी केली तर परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा.

विल्यम बोर्न या ग्रास व्हॅलीतल्या एम्पायर सोन्याच्या खाणीच्या मालकाने 1915 ते 1917 या काळात हे घर बांधलं. वास्तुरचनाकार होते विलिस पोक, बागेची आखणी ब्रूस पोर्टर यांची. 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को होरपळल्यावर बोर्न यांनी शहरापासून दूर जागा शोधली खरी, पण त्या भूकंपाला कारण ठरलेला सॅन अँड्रियास भूभंग, म्हणजे जमिनीतली भेग, याच खोऱ्यातून जाते. ‘फिलोली’ हे नाव त्यांनीच जुळवलं: न्यायासाठी झगडा, माणसांवर प्रेम करा, चांगलं जगा, या अर्थाच्या इंग्रजी वचनातल्या तीन क्रियापदांची पहिली दोन-दोन अक्षरं. 1937 मध्ये घर रॉथ कुटुंबाकडे गेलं आणि 1975 मध्ये लर्लीन रॉथ यांनी ते राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या विश्वस्त संस्थेला दिलं. त्यामुळेच आज आपण आत पाऊल टाकू शकतो.

बहुतेक लोक आधी घर बघतात आणि मग थेट खोलगट बागेत, म्हणजे आयताकृती पाण्याच्या हौदाभोवतीच्या ट्यूलिपकडे धावतात. क्रम उलटा ठेवा. सकाळी ट्यूलिप मिटलेले असतात. ऊन चढलं की पाकळ्यांची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने वाढते आणि पेला उघडतो. संध्याकाळच्या गारव्यात बाहेरची बाजू वाढते आणि तो मिटतो. या रोजच्या उघडझापीत पाकळी थोडी थोडी लांबत जाते, म्हणून जुनं फूल नव्यापेक्षा मोठं दिसतं. तेव्हा सकाळी भिंतींनी वेढलेल्या बागेपासून सुरुवात करा. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या रंगीत काचेच्या खिडकीवर बेतलेला वाफा तिथेच आहे, त्यात बॉक्सवूड या झुडपाच्या कापलेल्या कुंपणांनी खिडकीतल्या शिशाच्या रेषा दाखवल्या आहेत. पुढे यू या सदाहरित वृक्षांच्या दुतर्फा रांगेतून टोकाच्या उंचवट्यापर्यंत चाला. काळपट हिरवे, खांबासारखे उभे असे दोनशेहून जास्त यू फिलोलीत आहेत. आयर्लंडमधलं मक्रॉस हे घर बोर्न यांनी मुलीसाठी घेतलं होतं, तिथल्या झाडांच्या फांद्यांपासून ही सगळी वाढवलेली. घरातल्या नाचघराच्या भिंतींवरही मक्रॉसचीच दृश्यं रंगवली आहेत. बाग बघून मग ती बघितली तर जास्त भिडतात.

अकरा-साडेअकराला खोलगट बागेत परत या आणि उघडलेल्या एखाद्या लाल ट्यूलिपवर वाकून आत बघा, हात न लावता. तळाशी काळी चांदणी, तिला पिवळी कड, आणि मधोमध काळ्या परागकोशांचं वर्तुळ. लांबून काढलेल्या फोटोत यातलं काही दिसत नाही. ट्यूलिपच्या पायाशी पॅन्झी किंवा निळ्या फर्गेट-मी-नॉटची दाट लागवड असते ती मुद्दाम बघा. नुसत्या ट्यूलिपचा वाफा पानांपाशी उघडाबोडका दिसतो. ही युक्ती घरच्या कुंडीतही चालते.

वाटा विटांच्या आणि खडीच्या, मधेमधे पायऱ्या. उंच टाचा नकोत. गुडघे दुखत असतील तर आत शिरतानाच पायऱ्या टाळणारा मार्ग विचारून घ्या. सकाळी शाल लागते, दुपारी टोपी. परागकणांचा त्रास असलेल्यांनी गोळी घरूनच घेऊन निघावं. सगळं धरून तीन तास लागतात.

आता घरचं. फिलोलीत ट्यूलिप दरवर्षी नव्याने लावतात आणि तेच आपल्यालाही करावं लागतं. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगराळ मुलखातला, कडक हिवाळा भोगल्याशिवाय त्याचा दांडा लांबत नाही. बे एरियाचा हिवाळा पुरत नाही. न गारठवता लावला तर पानांत रुतलेलं बुटकं फूल येतं किंवा येतच नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये कंद आणा, कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये 2 ते 7 अंश सेल्सिअसला किमान 6 ते 8 आठवडे ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. सफरचंद, पेअर, केळी किंवा पिकता आंबा त्याच फ्रिजमध्ये नको. फळांतून सुटणारा इथिलिन वायू कंदातल्या कळीला मारतो, आणि हे मार्चमध्ये नुसती पानं आली की मगच कळतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: हे कंद हुबेहूब लहान कांद्यांसारखे दिसतात आणि ट्यूलिप, डॅफोडिल दोन्ही विषारी आहेत. पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘खायचे नाहीत’ लिहा, विशेषतः स्वयंपाकघर पाहुण्यांच्या हाती असेल तेव्हा.

डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाहेर काढा आणि त्याच दिवशी लावा. चार दिवस ओट्यावर उबेत राहिले तर गारठ्याचा परिणाम ओसरायला लागतो. 12 इंची कुंडीत 12 ते 15 कंद, एकमेकांना न टेकवता, 6 इंच खोल, शेंडा वर. कंदाची चपटी बाजू कुंडीच्या कडेकडे ठेवा. पहिलं मोठं पान त्या बाजूने निघतं आणि कडेवरून छान झुकतं. पाणी माती वाळेल तेव्हाच, कारण ओल साचली की कंद सडतो. जमिनीत लावणार असाल तर गोफर (बिळं करणारा, उंदरासारखा प्राणी) आणि हरणं ट्यूलिप आवडीने खातात, तारेची टोपली लागेल. डॅफोडिलला ही दोघं तोंड लावत नाहीत. शिवाय त्याला फ्रिज लागत नाही आणि तो वर्षानुवर्षं परत येतो, फक्त फुलं संपल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका. नवशिक्याने पहिल्या वर्षी डॅफोडिलच लावावा.

फुलदाणीसाठी ट्यूलिप कळीला रंग चढला की कापा, कागदात गुंडाळून तासभर थंड पाण्यात उभे करा आणि मग मांडा. कापल्यावरही दांडा वाढतो आणि उजेडाकडे वळतो, तेव्हा फुलदाणी रोज फिरवा. डॅफोडिलच्या दांड्यातून चिकट रस गळतो, त्याने ट्यूलिप लवकर मान टाकतात. डॅफोडिल रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी दांडा पुन्हा न कापता इतरांत मिसळा. पाडवा याच दिवसांत येतो आणि पिवळा रंग बघून डॅफोडिल गुढीच्या हाराला घ्यायचा मोह होतो. ओवू नका, दुपारपर्यंत माना टाकतो आणि रसाने बोटांना खाज सुटते. हाराला शेवंती घ्या, डॅफोडिलची फुलदाणी गुढीच्या पाटाशेजारी ठेवा.