पहिला हिरवा कोंब खुंटाचा होता

घरगुती बागांची देखभाल हे माझं काम. थंडी ओसरायला लागली की दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक, "झाड मेलंय, काढून टाका." दुसरा, "फूट आलीये, लगेच खत घाला." पहिल्यातली बरीच झाडं जिवंत निघतात आणि दुसऱ्यातल्या बहुतेकांना अजून खताची गरज नसते. काकूंचा फोन मात्र वेगळा होता. "गुलाबाला पालवी आलीये. काही करायचं नाही, नुसती बघायला या." बागेत काही करू नका म्हणून बोलावणारं माणूस विरळाच, म्हणून सकाळीच गेलो. त्या गुलाबाचं मी जे केलं त्यावरून आमच्यातल्या एका जुन्या माळीबुवांशी माझा अजून वाद चालू आहे. तो डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

वसंत आला का हे बघताना आम्ही फुलं शोधत नाही. फुलं दिसेपर्यंत निम्मं काम होऊन गेलेलं असतं. आम्ही डोळे बघतो. गळालेल्या पानाच्या खुणेवर फांदीला चिकटून बसलेला बारीक उंचवटा, तो डोळा. थंडीत तो सपाट, सालीच्याच रंगाचा आणि नखाला टणक असतो. जाग आली की आधी फुगतो, मग त्याचे खवले सैल होतात आणि फटीतून रंग दिसतो. बागेतल्या बहुतेक गुलाबांत हा पहिला रंग हिरवा नसतो, लालसर असतो. कोवळ्या पानांत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य भरलेलं असतं, पान पक्व होईल तसा हिरवा रंग वर येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात फांदी नजरेच्या रेषेत धरली की हे फुगलेले डोळे दुपारपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. म्हणून या दिवसांत मी दुपारी कुणाच्या बागेचं निदान करत नाही.

आणखी खुणा असतात. खोडावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की वर कोवळी फूट आहे आणि तिच्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, बसलाय असं समजावं, कारण मुंग्या माव्याच्या गोड चिकट्यासाठी जातात. लिंबाच्या झाडाची नवी पालवी तर फुलपाखरांना माझ्याआधी कळते. मादी नेमक्या कोवळ्या पानांवर एकेक पिवळसर अंडं घालून जाते. चाफ्याचा न्याय निराळा. पानं झडलेला चाफा बघून लोक घाबरतात आणि पाणी वाढवतात. झोपलेल्या चाफ्याला जास्त पाणी दिलं की खोड कुजतं. दाबून कठीण लागतोय तोवर तो जिवंत आहे, त्याला त्याच्या वेळेवर उठू द्यावं. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुठला ना कुठला चाफा पाण्यापायी जातो.

काकूंच्या बागेतल्या लिंबाला पालवी होती, फुलपाखराची अंडीही होती आणि थोडा मावाही. माझ्याबरोबरच्या पोराने सवयीने फवाऱ्याकडे हात नेला. मी अडवला. मावा दिसला रे दिसला की औषध मारायचं ही आमच्या धंद्यातली फार वाईट खोड आहे. त्याने मावा मरतो आणि मावा खायला येणारे ढालकिडे (लेडीबर्ड) हेही मरतात. पाइपाच्या पाण्याचा जोरदार झोत पुष्कळ वेळा पुरतो.

मग गुलाब. जमिनीलगतून निघालेली एक लांब, सरळ काडी, आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत पोपटी पानं. शेजारी तीन जुन्या फांद्या बोडक्या. काकूंनी ती काडी सुती दोऱ्याने अलगद आधाराला बांधली होती. "थंडीभर हिच्याकडेच बघत होते," त्या म्हणाल्या. "बाकी सगळी बाग गप्प होती. पहिलं पान हिला आलं."

पहिल्या नजरेतच मला शंका आली. काडी फार सरळ होती, काटे जवळपास नव्हतेच, आणि पानात लाली कुठेच नव्हती. पान सात पर्णिकांचं, म्हणजे एका देठावर सात छोटी पानं. पाच पर्णिका म्हणजे कलम आणि सात म्हणजे रानटी, असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबू नये, बागेतल्या चांगल्या चांगल्या गुलाबांना सात पर्णिका येतात. मी बघतो ते पानाच्या देठाचं बूड. तिथे देठाला दोन्ही बाजूंनी चिकटलेली पातळ पट्टी असते, तिला उपपर्ण म्हणतात. बहुतेक बागेतल्या गुलाबांत तिची कड साधी असते. मल्टिफ्लोरा जातीच्या गुलाबात ती कड झालरीसारखी बारीक कातरलेली असते. भिंग काढलं, पान उलटं केलं. झालर होती.

मल्टिफ्लोरा म्हणजे खुंट. विकत मिळणारा मोठ्या फुलांचा गुलाब बहुतेक वेळा दोन झाडांचा असतो. मुळं जोमदार रानटी जातीची, हाच खुंट, आणि तिच्या खोडात हव्या त्या गुलाबाचा डोळा भरलेला, म्हणजे सालीखाली बसवून जोडलेला. डोळा भरला त्या जागी गाठ तयार होते. गाठीच्या वरून येतं ते आपलं फूल, गाठीच्या खालून येते ती खुंटाची फूट. खुंटाची फुलं लहान, पांढरी, झुपक्याने येणारी. वाईट नाहीत. पण काकूंचा गुलाब गडद लाल आणि दाट वासाचा होता. त्याची जात कुणालाच ठाऊक नाही, चिठ्ठी केव्हाच हरवली. दुसरा आणून लावावा तर काय नावाने मागायचा?

खुरप्याने बुडाची माती काढायला घेतली. माती नव्हतीच, शेणखताचा ढीग होता. या वेळची छाटणी दुसऱ्या लोकांनी केली होती आणि जाताना गाठ पार पुरून टाकली होती. खत खोडाला भिडवून ढीग लावणं हे दिसायला भरगच्च दिसतं, मालकाला वाटतं खूप काम केलं. प्रत्यक्षात खोडाची साल कायम ओली राहते आणि खालून काय फुटतंय ते कुणाला दिसत नाही. बोटांनी ढीग सारत गेलो. चार बोटं खाली गाठ लागली, आणि ती हिरवी काडी गाठीच्याही खालून निघाली होती.

छाटणीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. तिन्ही खऱ्या फांद्यांची टोकं चिरडलेली होती. धार गेलेल्या सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, दाबून तोडलं की असंच होतं. काप डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर हवा, तिरका हवा, आणि एका घावात हवा. इथे डोळ्यावर बोट-बोट लांब खुंट्या सोडल्या होत्या. त्या खुंट्या सुकल्या आणि शेंडेमर, म्हणजे टोकाकडून फांदी मरत येणं, तिथून खाली उतरली. आणि या लोकांनी खऱ्या फांद्या तासून ती रानटी काडी मात्र जपून ठेवली होती, कारण सगळ्यांत टवटवीत तीच दिसत होती. झाड न वाचता कात्री चालवणाऱ्यांना बागेत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नखाने साल खरवडून पाहिली. पहिली फांदी आत तपकिरी, बुडापर्यंत. दुसरीही तशीच. तिसरी वर तपकिरी, पण अर्ध्यावर आल्यावर नखाखाली ओली हिरवी रेघ उमटली. त्या हिरव्या भागात वरचा एक डोळा फुगलेला होता आणि खवल्यांच्या फटीत लाल रंग होता. त्याच्या बऱ्याच खाली, भिंतीकडच्या बाजूला, आणखी एक डोळा. टपोरा, पण झोपलेला. तो झोपलेला असण्याचं कारण वरचाच. वरच्या फुटीत तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. वरचा गेला तर खालचा उठतो. म्हणजे काकूंच्या गुलाबाचं सगळं भांडवल हे दोन डोळे.

काकूंना सगळं दाखवलं. गाठ, खालची काडी, उपपर्णाची झालर, मग तो लाल ठिपका. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"म्हणजे हे माझं झाड नाही?"

"मुळं तुमच्याच झाडाची आहेत काकू. पण याला तुमचं फूल येणार नाही."

आमचा नियम सरळ आहे. खुंटाची फूट दिसली की काढायची, आणि कात्रीने नाही, बुडातून ओढून फाडायची. कापली तर बुडाशी राहिलेले डोळे पुन्हा फुटतात. पोराने तोवर काडीला हातही घातला होता.

"थांब रे," काकू म्हणाल्या. "आधी मला सांगा, वरच्या दोन फांद्या गेल्या. तिसरीचं तुम्हालाच नक्की सांगता येत नाही. मग मुळांना खायला कोण घालतंय आत्ता? पानं तर एवढ्या काडीलाच आहेत."

मी उभाच राहिलो. प्रश्न बिनतोड होता. खुंटाची फूट फाडावी हा नियम वरचं कलम धडधाकट आहे असं धरून चालतो. तिथे ती फूट कलमाच्या वाट्याचं पाणी पळवते. इथे वर एक लाल ठिपका सोडला तर काहीच नव्हतं. मुळांतला साठा थंडीत टिकलेला असतो, पण तो न संपणारा नाही. हे मी शिकलेलो आहे, लोकांना सांगतोही. तरी नियम आणि हे ज्ञान कधी एकमेकांसमोर उभं करून पाहिलं नव्हतं. ते काकूंनी केलं, आणि त्यांनी बागकामाचं एक पुस्तक वाचलेलं नाही.

मग मी म्हटलं, काडी ठेवू, पण तिला कामाला लावू. काडी पेन्सिलीएवढी जाड होती, म्हणजे डोळा भरण्याजोगी. झोपलेला खालचा डोळा काढून तिच्या बुडाशी भरायचा. धरला तर त्याच मुळांवर काकूंच्या गुलाबाला दुसरं घर मिळेल. वरचा फुगलेला डोळा याला चालत नाही, उमलायला लागलेला डोळा कापून नेला की सहसा जगत नाही.

पण डोळा भरायला साल सुटावी लागते. पाणी चढून कॅम्बियम, म्हणजे साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर, कामाला लागला की साल लाकडापासून आपोआप वेगळी होते, आतलं लाकूड ओलं आणि गुळगुळीत दिसतं. चाकूच्या टोकाने बारीक छेद देऊन साल उचलून पाहिली. उचलली गेली नाही, तंतू धरून फाटली. वर पानं हलत होती आणि बुडाशी साल अजून घट्ट होती. लोक पान बघून हंगाम ठरवतात. मी तरी सालीला विचारल्याशिवाय चाकू लावत नाही. त्या दिवशी मेलेल्या फांद्या काढल्या, तिसरीचा मेलेला भाग आतला गर पांढरा दिसेपर्यंत कापत आणला, काडीचा शेंडा मारला, गाठ उघडी केली, खत हातभर लांब सारलं आणि निघालो.

पुढच्या फेरीला साल सुटली. टी आकाराचा छेद दिला आणि चाकूच्या मागच्या पात्याने सालीच्या दोन्ही पाकळ्या उचलल्या, त्या अलगद उघडल्या. झोपलेला डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसकट काढला, आतल्या पातळ लाकडाचा कपचा सोडवला आणि वरून खाली सरकवून बसवला. डोळा उघडा ठेवून पट्टी घट्ट गुंडाळली. हे सगळं झटपट व्हावं लागतं, कापलेली बाजू वाळली की मेहनत फुकट. या कामात माझा हात बसलेला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

माळीबुवांना मात्र हे पटलेलं नाही. त्यांच्याकडूनच मी डोळा भरायला शिकलो. ते म्हणतात, "वरचा डोळा फुगला होता, त्याला मोकळं सोडायचं होतं. खुंट ठेवलास, आता तो ओढून घेणार. आणि राखीव डोळा होता तोही काढलास. उद्या वरचा गेला तर?" हे खरं आहे. वरच्या कोवळ्या फुटीवर एखादी थंड रात्र आली असती तर त्या फांदीवर उठायला कुणी उरलं नसतं. मी दोन ठिकाणी पैज लावली असं मला वाटतं. त्यांच्या मते मी एक पक्की जागा मोडली. त्यांना मी काकूंचा प्रश्न सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मुळांची काळजी खुंटावर सोडलीस तर खुंटच वाढणार." यावर माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही.

आजची स्थिती अशी. वरच्या डोळ्यातून फूट निघालीये, पानं लाल आहेत, उपपर्णाची कड साधी आहे. भरलेला डोळा अजून हिरवा आणि टपोरा आहे. काळा पडून सुरकुतला तर गेला; तीन-एक आठवडे असाच राहिला तर धरला म्हणायचं आणि पट्टी सोडायची. पण धरला तरी त्याला उठवण्यासाठी त्याच्या वरची काडी कापावीच लागेल, म्हणजे काकूंना आधी दिसलेली ती सगळी पोपटी पानं. हे त्यांना स्पष्ट सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "तेव्हा मला हाक मारा. मी बघेन आणि मग ठरवू."