दहिसर नदीतल्या चतुराच्या पिल्लांची नावं शोधताना

उडणाऱ्या चतुराचं नाव सांगू शकतील अशी माणसं मुंबईत आता पुष्कळ आहेत. फोटो दाखवला की पाच मिनिटांत नाव कळतं. तोच चतुर पाण्यात असताना मात्र त्याला ओळखणारं फारसं कुणी भेटत नाही. आणि चतुराचा बहुतेक जन्म जातो पाण्यातच. आपल्याला दिसतात ते पंखवाले दिवस म्हणजे त्याच्या आयुष्याचा शेवटचा, छोटा भाग. एमएस्सीच्या प्रकल्पामुळे मी याच कामात पडले आणि अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

विषय साधा होता: दहिसर नदीतले कीटक. ही नदी तुळशी तलावाच्या बाजूनं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून निघते आणि साधारण १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. आम्ही राहतो तिथे खालच्या अंगाला तिला सगळे नालाच म्हणतात. वरच्या अंगाला, उद्यानाच्या आत, पावसाळ्यानंतर तिचं पाणी तळातला खडान् खडा दिसेल इतकं नितळ असतं.

उद्यानातून एक अळी उचलायची तरी परवानगी लागते. अर्ज महाविद्यालयामार्फत जातो, प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या नावे, नागपूरला. कुठून घेणार, किती घेणार, त्यातले परत किती सोडणार, हे आम्ही सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं. असं काम करू पाहणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, अर्ज उन्हाळ्यातच करा. जुलैच्या लोंढ्यात ओढ्यातले किडे वाहून जातात, दगड उलटेपालटे होतात, तेव्हा जाळी लावून फार काही हाती लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे खरे महिने. फेब्रुवारीनंतर तर ओढा ठिकठिकाणी आटून नुसती डबकी उरतात. तेव्हा पत्र हातात असेल आणि पाणी नसेल.

पद्धत सोपी आहे. प्रवाहाला आडवी जाळी धरायची, तिच्या वरच्या बाजूचे दगड पायानं ढवळायचे, आणि जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. पहिला मिनिटभर नुसता पालापाचोळा दिसतो. मग तो पाचोळा चालायला लागतो. मेफ्लाय या नाजूक पंखांच्या कीटकाची चपटी पिल्लं दगडाला पोट घासून सरकतात. चपट्या अंगामुळे पाण्याचा जोर त्यांच्यावरून निघून जातो. कॅडिसफ्लायच्या अळ्या तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण चिकटवतात आणि त्याच्या नळीत राहतात. त्यांच्यातल्याच काही दगडांच्या फटीत रेशमाची जाळी बांधून वाहतं अन्न अडवतात. टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या बारीक अंगाच्या भावंडाच्या, पिल्लाला शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले असतात. चतुराच्या पिल्लाचे कल्ले दिसत नाहीत, कारण ते गुदाशयाच्या आत असतात. पाणी मागूनच आत घ्यायचं आणि मागूनच सोडायचं. घाबरलं की तेच पाणी जोरात फेकून ते पुढे झेपावतं. ट्रेच्या तळाशी बारीक गाळ असेल तर मागे उडालेला गाळाचा फुगारा स्पष्ट दिसतो. मला अजूनही ते बघताना हातातलं काम थांबवावं लागतं.

नदी वस्तीत शिरल्यावर जाळीत काय येतं ते थोडक्यात सांगते. लाल कायरोनोमिड (डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या) अळ्या, ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यानं त्या कमी प्राणवायूतही तगतात. आणि लांब शेपटीच्या अळ्या, ज्या ती नळीसारखी शेपटी पृष्ठभागापर्यंत ताणून हवा घेतात. पाण्यातल्या भरपूर प्राणवायूवर अवलंबून असलेलं कुणीही तिथे राहिलेलं नसतं. या फरकावरूनच पाण्याला गुण देता येतात. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास रूढ झालेल्या पद्धतीत कीटकांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात. संवेदनशील मेफ्लायच्या कुळांना १०, कायरोनोमिडना २. माझ्या प्रकल्पाला तेवढं पुरलं असतं. सर म्हणालेही, "कुळापर्यंत ओळखलंस तरी तुझं काम झालं."

पण ट्रेमध्ये एकाच कुळातली, एकमेकांसारखी दिसणारी दोन पिल्लं होती. एक कडेच्या संथ पाण्यात, कुजक्या पानांत सापडायचं आणि दुसरं वाहत्या पाण्यातल्या दगडांवर. दोघांना एकच नाव देऊन पुढे जाणं मला पटेना. फ्रेझर यांचे भारतातल्या चतुरांवरचे तीन खंड (१९३३, १९३४ आणि १९३६) आजही उघडावे लागतात, पण त्यांतली ओळख मुख्यतः पंखवाल्या चतुरांची आहे. तेव्हा एकच मार्ग उरला, पिल्लू वाढवायचं आणि ते काय होतं ते बघायचं.

प्रत्येक पिल्लाला वेगळी बरणी द्यावी लागते, एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात. पाणी ओढ्याचं. कमी पडलं तर नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर. खायला क्रॉफर्ड मार्केटातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेल्या जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी. प्रत्येक बरणीत तिरके लावलेले खराट्याचे हीर, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर पिल्लाला चढता येत नाही. बाहेर येताना ते पाण्यात पडलं तर संपलंच. वरून मच्छरदाणीचं कापड, रबर लावून घट्ट.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहणार म्हणून बरण्या घरी आणल्या आणि त्याच आठवड्यात पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे एक काका तपासणीला आले. गॅलरीतल्या बरण्यांकडे बघून म्हणाले, "ताई, हे पाणी आजच्या आज ओतून टाका. आठवड्यात डास उडतो."

आई म्हणाली, "अहो, ते तिच्या अभ्यासाचं आहे."

मी त्यांना कापड दाखवलं, रबर दाखवलं. मग एका बरणीत ट्युबिफेक्स सोडले. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ दुमडून तोंडावर मुखवट्यासारखा बसलेला असतो. तो क्षणात पुढे फेकला जातो, भक्ष्य पकडतो आणि परत जागेवर येतो. काकांनी टॉर्च लावून ते पुन्हा दाखवायला सांगितलं. त्यांचं निरीक्षण माझ्यापेक्षा पक्कं होतं. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते आणि डेंग्यूच्या डासाची डोकं खाली करून तिरकी लटकते, हे त्यांनी मला हातानं करून दाखवलं. "विहिरीत आम्ही गप्पी सोडतो. हे सोडले तर?" त्यांनी विचारलं.

प्रश्न योग्य होता आणि उत्तर मी आजही तेच देईन. चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या भरपूर खातात, पण डास सात ते दहा दिवसांत तयार होतो आणि चतुराला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वाढतो. तिथे चतुर पोचत नाही. आठवड्यातून एकदा ती भांडी कोरडी करणं याला पर्याय नाही. काका जाताना म्हणाले, "कापड फाटलं तर मात्र लगेच बदला." मी रोज तपासत होते.

बाहेर यायची वेळ आली की पिल्लू आधी सांगतं. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगतात, खाणं बंद होतं, आणि ते डोकं-छाती पाण्याबाहेर काढून हिरावर बसून राहतं, कारण आता त्याला हवेतून श्वास घ्यायचा असतो. अंधार पडला की वर चढतं. छातीच्या पाठीमागे कात उकलते, डोकं आणि पाय बाहेर येतात आणि ते उलटं, मागे झुकून लोंबकळतं. इथे ते बराच वेळ अजिबात हलत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की मेलं. पाय कडक व्हायला तेवढा अवधी लागतो. मग एकदम उसळी मारून ते स्वतःच्याच रिकाम्या कातीचं डोकं धरतं आणि पोट ओढून काढतं. चुरगळलेल्या पंखांत द्रव भरत जातो, पंख दुधी, मऊ दिसतात. नंतर तो द्रव मागे ओढला जातो आणि पोट लांब होतं. पहाटेपर्यंत पंख काचेसारखे होतात. एकाचे पंख वाकडेच राहिले. निसर्गातही हे घडतं, तरी वाईट वाटलं.

मागे राहिलेली कात माझ्यासाठी सोन्यासारखी होती. तिच्यात मुखवटा, काटे, केस सगळं जसंच्या तसं असतं. उकललेल्या जागी पांढरे धागे दिसतात, ते श्वासनलिकांचं अस्तर. ती कात आणि तिच्यातून निघालेला चतुर एकाच क्रमांकानं नोंदवले की पाण्यातलं पिल्लू आणि उडणारा चतुर यांची जोडी पक्की होते. नव्या चतुराचा रंग फिकट पिवळट असतो, खरा रंग भरायला पुढे काही दिवस लागतात आणि तोवर त्याला कोंडून ठेवणं बरं नाही. म्हणून पंखांच्या शिरा, मागच्या पंखाच्या बुडाशी असलेला डाग आणि नराच्या पोटाखालचे दुय्यम जननावयव पाहून ओळख पटवली. पानांतलं पिल्लू ट्रायथेमिस ऑरोरा निघालं, ज्याचा नर मोठा झाल्यावर गुलाबी-लाल होतो. दगडांवरचं ट्रायथेमिस फेस्टिव्हा, ज्याचा नर निळसर काळा असतो. जाती दोन, पण प्रजाती (जीनस) एकच, नदी एकच, तरी एकाची जागा कडेच्या पाचोळ्यात आणि दुसऱ्याची धारेत. नमुना म्हणून मोजकेच ठेवले, बाकीचे सकाळी जिथून आणले तिथेच नेऊन सोडले.

प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत या जोडीला वेगळे गुण नव्हते, पण प्रयोगशाळेतल्या कपाटात आता त्या दोन कातींवर पूर्ण नाव आहे आणि पुढच्या तुकडीतल्या मुलींनी त्यांच्याशी ताडून आपली पिल्लं ओळखली.

यंदा मी मेफ्लाय घेतले आहेत. ते जास्त कठीण आहे, कारण त्यांना वाहतं, थंड, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवावा लागतो. पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारे कीटक जगात फक्त मेफ्लायच आहेत, आणि प्रौढाला खाता येत नाही, तोंडाचे भाग निकामी असतात. नाव पटवायला ती दुसरी कात टाकलेला प्रौढच लागतो. पिल्लाच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या की ते लवकरच बाहेर येणार हे कळतं. सध्या चार ट्रेंपैकी दोनमध्ये तशी पिल्लं आहेत, आणि ओळख पटवण्यासाठी नर कोणता ते त्याच्या मोठ्या डोळ्यांवरून आधीच वेगळं करून ठेवलंय.