वाइप्स गरम करायचं मशीन अन् आजीचं पातळ

धाकटीचं डोहाळजेवण आमच्याकडे, म्हणजे माहेरी, आर्वीच्या पलीकडच्या आमच्या गावात करायचं ठरलं अन् दोन दिवसांत फॅमिली ग्रुपवर तिची एक लिंक येऊन पडली. पुण्याच्या ऑफिसातल्या पोरींनी शिकवलं म्हणे तिला, की बाळासाठी काय काय पाहिजे त्याची यादी आधीच करून टाकायची, ज्याला जे द्यायचं ते त्याने त्यातूनच बुक करायचं, म्हणजे एकच वस्तू चौघं चौघं आणत नाहीत. काकांनी ती लिंक उघडली, चष्मा वर केला अन् म्हणाले, "म्हणजे आहेर आता मागून घ्याचा का?"

सगळे हसले, पण खरं सांगू का, मला ती यादी पटली होती. माझ्या वेळी चौदा झबली आली होती अन् चौदाही एकाच मापाची, दोन महिन्यांत पोट्ट्याचे हात त्यातून बाहेर. वर तीन गिफ्ट सेट, त्यात पावडरचा डबा, पफ अन् एवढुसा कंगवा, डोक्यावर केस नाहीत अन् कंगवे तीन! आपल्याकडे लग्नात एक जण पेन घेऊन बसतो नं, आहेराच्या वहीत कोणी काय दिलं ते लिहायला, तसंच आहे हे, फक्त वही आधी उघडायची.

पण यादी वाचायला घेतली अन् मी गार पडले. पहिल्याच पानावर वाइप्स गरम करायचं मशीन. अगं बाई, तुझी तारीख आहे मे महिन्यातली, आमच्याकडे पारा तेव्हा ४५ च्या वर, दुपारी नळ सोडला तर हात पोळतो, अन् तू वाइप्स गरम करतेस? त्याच्या खाली फ्लीसचं जाड ब्लँकेट, मोजे-टोप्यांचा सेट, भिंतीला लावायचे हत्ती. मग मी तिला फोन केला अन् आम्ही दोघींनी तासभर बसून ती यादी खोडली.

हिशोब उन्हाळ्यावरून सुरू केला. मे महिन्यात लंगोट वाळायला दहा मिनिटं लागतात, तेव्हा दोन डझन पुष्कळ. पण बाळ दोन महिन्यांचं होईस्तोवर जुलै लागतो, झड बसली की तीन तीन दिवस काही वाळत नाही, सगळ्या घराला ओल्या कपड्यांचा वास. म्हणून लंगोट अजून दीड डझन अन् घरात कपडे वाळवायचा स्टँड. डायपरचं एक पाकीट ठेवलं, रात्रीला अन् प्रवासाला, कारण दिवसभर त्या उकाड्यात बांधून ठेवलं तर पुरळ ठरलेलंच. छत्रीवाली मच्छरदाणी पाहिजेच, ती मात्र आठवडी बाजारातून घेऊ म्हटलं, कारण आमच्या पिनकोडवर यादीतलं अर्धं सामान पोचतच नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागते. झबली मोठ्या मापाची, समोरून बांधायची, सुती. धाकटीसाठी समोरून उघडणारे गाऊन चार, हे तर तिला सुचलंच नव्हतं, सगळी यादी बाळाचीच!

दुधाच्या बाटल्या होत्या सहा. त्या आशाताईने खोडायला लावल्या. ती आमच्या गावची आशा सेविका, दुपारी आईचं बीपीचं विचारायला आली होती, खांद्यावरची बॅग खाली ठेवून आमच्या फोनमध्ये डोकावली. म्हणाली, "सहा महिने आईचंच दूध, मे महिना असला तरी वरून पाणीसुद्धा नाही." आई अन् काकूने एकमेकींकडे पाहिलं, कारण उन्हाळ्यात लेकराला चमच्याने पाणी पाजायचं हे त्यांच्या डोक्यातून काढणं सोपं नाही. आशाताई काही चिडली नाही, आईच्या दुधातच पाणी असते, एवढं सांगून तिने विषय संपवला. बाटलीची जाहिरात करायलाही आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती धाकटीच्या यादीत कुठून शिरली देव जाणे.

मग मी आशाताईला बॅग उघडायला लावली. डिजिटल थर्मामीटर, लेकराला झोळीत टाकून लटकवायचा वजनकाटा, घड्याळ, ब्लँकेट. झालं. घड्याळ कशाला म्हटलं, तर म्हणाली श्वास मोजायला, बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याच्या वर गेला की दवाखाना. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ४२ दिवसांत तिच्या सहा चकरा होतात. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतली, डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात तिथल्या खेड्यांत गावातल्याच बायांना शिकवून करून दाखवली, २०११ मध्ये ती देशभर आशांकडे आली. आम्ही यादीत थर्मामीटर टाकला. पहिल्यांदा.

आजी हे सगळं ओसरीवरून ऐकून राहिली होती. उठली, आतून तिचं जुनं पातळ घेऊन आली, धुऊन धुऊन रंग कोणता होता तेही कळत नाही असं. काठ आधी कापून काढला, टोचते म्हणून. मग दातांनी कडेला चीर पाडली अन् दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं, एक तुकडा झाला की गालाला लावून पाहायचा, मग दुसरा. चौदा दुपटी झाली. विकतचं दुपटं पन्नास वेळा धुतल्याशिवाय असं होत नाही, अन् तेवढे दिवस लेकरू थांबते थोडंच.

"आजी, हे लिहू का यादीत?"

"कायले लिवतं? लेकराच्या आंधी घरात काई आनू नाई."

आता आली पंचाईत. मला हे पटत नाही, पण आजीच्या वयाला आजूबाजूला किती पाळणे रिकामे राहिलेले पाहिले असतील तिने, त्यामुळे मी वाद घालत नाही. तोडगा काकूनेच काढला. जे बुक होईल ते सगळं शेजारच्या मावशींच्या घरी उतरवायचं अन् लेकरू झालं की त्यांनी आणून द्यायचं. झालंही तसंच. मावशींच्या मधल्या खोलीत आता स्टँड आहे, लंगोटांचे गठ्ठे आहेत, मच्छरदाणी आहे अन् ते वाइप्स गरम करायचं मशीनही आहे, कारण आम्ही खोडायच्या आधीच कोणीतरी बुक करून टाकलं होतं.

आमच्या घरी फक्त कूलरची नवी मोटर अन् खस आली. ती काकांनी दिली, यादीत नसताना. आजीने ती आत घेऊ दिली. म्हणे, "हे लेकराचं नोय, हे माह्यं हाय."