मेलमधली बटणं हलली आणि काकांची वही अडली

गेला आठवडाभर हेच डोक्यात चाललंय, म्हणून लिहूनच टाकतो. आमचं म्हापशाला डीटीपीचं दुकान, चवथीच्या आधी स्मरणिका, पावती पुस्तकं, नाटकांची हँडबिलं सगळं एकदम अंगावर येतं. मेल मी कॉम्प्युटरवर घातलेल्या प्रोग्राममध्येच बघतो, ब्राउझरमध्ये नाही, कारण पावसात नेट गेलं तरी आलेलं मॅटर आपल्या हार्डडिस्कवर असतं आणि यूपीएस आहे तोवर काम पुढे सरकतं. साखळीला काकांच्या कॉम्प्युटरवरही हाच प्रोग्राम मीच घालून दिलाय, त्याला सहा वर्षं झाली.

अपग्रेड मी हौसेने केलं नाही. मेल सर्व्हिसवाल्यांनी प्रोग्राममधून नुसत्या पासवर्डवर लॉगिन देणं बंद केलं, आता ओऑथ पाहिजे, म्हणजे त्यांचीच खिडकी उघडते, तिथे आपण परवानगी द्यायची आणि प्रोग्रामच्या हातात पासवर्ड न जाता फक्त टोकन, म्हणजे परवानगीची चिठ्ठी जाते. हे चांगलंच आहे, माझी त्यावर काही तक्रार नाही. जुन्या व्हर्जनला ते जमेना म्हणून दोन्हीकडे नवीन घातलं. लॉगिन झालं, पण सगळी मांडणीच बदलली.

मेनूबार गेला तीन आडव्या रेघांच्या आत. एका ओळीत एक मेल दिसायचा, त्याच्या जागी आता मोठमोठी कार्डं, आधी स्क्रीनवर तीसेक मेल मावायचे ते आता १३ दिसतात, मी मोजले. जागा वाचावी म्हणून दाटीची सेटिंग लावली तर देवनागरीच कापली जायला लागली. आपली अक्षरं शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार घेऊन जातात आणि खाली उकार, ऋकार, त्यांना वरखाली जागा लागते. ओळीची उंची ठरवताना समोर फक्त इंग्रजी अक्षरं असली की हे असं होतं. माझ्याकडे मुळगावच्या मंडळाचंही काम आहे आणि सावंतवाडीकडच्या मळगावच्या मंडळाचंही, आणि उकार कापला की मुळगावचं मळगाव होतं! एका मंडळाच्या देणगीदारांची यादी दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये गेली, प्रूफ काढताना लक्षात आली म्हणून निभावलं. छापून गेली असती तर त्या लोकांना तोंड कसं दाखवणार होतो मी.

पण मला खरा त्रास झाला तो काकांचा. काका निवृत्त शिक्षक, वय ७६. त्यांनी एक चौकटीची वही केलीय, मी शिकवलेलं प्रत्येक काम त्यात त्यांच्या शब्दात लिहिलेलं, "वर डावीकडून तिसरं चित्र दाबणे, उत्तराचा कागद उघडतो" असं. त्या वहीवर ते भजनी मंडळांबद्दलचं आपलं लिखाण सगळ्यांना पाठवतात, कुणाला विचारावं लागत नाही. अपग्रेडनंतर तिसरं चित्र आर्काइव्हचं झालं. त्यांनी वहीप्रमाणे दाबलं, मेल डोळ्यांसमोरून गेला, परत दुसऱ्यावर दाबलं, तोही गेला. संध्याकाळी फोन, "अरे, माझी पत्रं खंय गेली बघ रे, मी काही चुकीचं केलं नाही." त्यांचा आवाज ऐकूनच मला कसंतरी झालं.

भीती खोटी नव्हती. त्यांचा अकाउंट पॉपवर आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत, आणि मेल उतरवून घेतला की सर्व्हरवरचा काढून टाकायचा असं मीच तेव्हा ठेवलं होतं, म्हणजे त्यांच्या डिस्कवर आहे ती एकच प्रत. रविवारी डिचोलीवरून बसने साखळी गाठली. आर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे, मेल फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकतो, तिथे वर्षावार कप्पे झालेले होते आणि त्यात ११ पत्रं नीट मिळाली. सगळ्यात आधी प्रोफाइलचा, म्हणजे प्रोग्राम आपले मेल आणि सेटिंग जिथे ठेवतो तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. हे खरं म्हणजे अपग्रेडच्या आधी करायचं असतं, कारण नवीन व्हर्जनने एकदा प्रोफाइल उघडलं की जुनं व्हर्जन ते घ्यायला नाही म्हणतं, परतीची वाट बंद.

मग बसलो वही समोर ठेवून. मेनूबार परत आणला, कार्डं काढून ओळींची यादी केली, फॉन्ट मोठा केला, टूलबारवरची चित्रं ओढून ओढून वहीतल्या क्रमाने लावली. तीन तास गेले. काकी मध्ये चहा नि पाव ठेवून गेली तो तसाच थंड झाला. हे सगळं प्रोग्रामला सुरुवातीलाच एका प्रश्नात विचारता आलं असतं की बाबा, तुमची जुनी मांडणी ठेवू का. सिक्युरिटीसाठी अपग्रेड घ्यावंच लागतं, ते टाळता येत नाही, मग त्याच गाठोड्यात बटणांच्या जागा बदलून का देतात? माणसाच्या बोटांना सहा वर्षांत जे पाठ झालं ते त्याचं असतं, ते न विचारता हलवू नये असं मला फार मनापासून वाटतं.

उत्तराचं बटण मात्र वर येत नाही म्हणजे नाहीच, ते आता मेलच्या आत, उजवीकडे. काकांनी वहीतली जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली तारीख घालून नवीन लिहिली आणि माझ्यासमोर तीन वेळा करून बघितलं. मी दुकानावर येऊन मुळगाव आणि मळगाव शेजारी शेजारी ठेवून स्क्रीनशॉट काढला आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांना बग म्हणून पाठवला, सोबत वहीच्या त्या पानाचा फोटोही, काकांना विचारून.