तुम्ही विचारलंत म्हणून: चरख्यावर सूत सारखं का तुटतं?

चरखा नुकताच हाती घेतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो: "सूत सारखं तुटतंय, चरख्यातच काही दोष आहे का?" आमच्या कताईच्या गटात हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. चरख्यात दोष असू शकतो. पण तो तपासायला घेण्याआधी तुटलेलं टोक उचला आणि उजेडात धरून बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

टोक कुंचल्यासारखं पिसारलेलं असेल, तंतू लांब आणि सरळ दिसत असतील, तर ते सूत तुटलेलं नाही, सुटलेलं आहे. पीळ कमी पडला आणि तंतू एकमेकांवरून घसरून गेले. टोक आखूड, कडक आणि मुरडलेलं असेल, तर त्या जागी पीळ अति झाला. जवळच एक जाड, भुसभुशीत गाठोडंही सापडेल. आणि टोकाशी सरकीचं टरफल किंवा तंतूंची गुंतवळ अडकलेली असेल, तर दोष कापसाचा, तुमच्या हाताचा नाही.

नवशिक्यांत पहिला प्रकार सर्वांत जास्त. किती पीळ लागतो याचा अंदाजच नसतो, म्हणून हिशोब करून बघू. ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांच्या, सुताला दर इंचाला, सुताच्या अंकाच्या (बारीकपणाच्या आकड्याच्या, तो कसा काढायचा ते पुढे येतं) वर्गमुळाच्या साधारण चौपट पीळ हवेत. १६ अंकाच्या सुताला म्हणजे इंचाला १६. हात एका वेळी २४ इंच मागे आला, तर तेवढ्या सुतासाठी चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी टोकदार सळई, ३८४ वेळा फिरायला हवी. आता तुमच्या पेटीचरख्याची चाती किती फिरते ते मोजा. चातीवर शाईचा ठिपका द्या, मोठं चाक हळूहळू पाव फेरा फिरवा, ठिपका किती वेळा वर आला ते मोजून चौपट करा. समजा १०० भरले. मग एका ओढीला जवळजवळ चार फेरे हवेत, आणि बहुतेक जण दोनातच सूत गुंडाळायला घेतात!

आपलं सूत किती अंकाचं, हेही घरीच कळतं. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतील तितका अंक. सोपी रीत अशी: १०० मीटर सूत सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोला आणि ५९ ला त्या ग्रॅमांनी भागा. वजन ३.७ ग्रॅम भरलं तर सूत १६ अंकाचं.

आता जाड-बारीकपणाकडे येऊ, कारण कताईची खरी मेख इथे आहे. पीळ नेहमी बारीक जागेकडे आधी धावतो. बारीक जागा घट्ट होते, जाड जागा मऊच राहते. हे उमगलं की त्याचाच फायदा घेता येतो. आधी थोडाच पीळ देत हात मागे न्या. बारीक भाग पिळाने धरून ठेवलेले असतात, जाड भाग अजून सैल असतात. तेव्हा हलकेच ओढलं की जाड भागच तेवढे लांबतात आणि सूत सारखं होतं. मग हात थांबवून उरलेले फेरे द्या. आधीच सगळा पीळ भरला तर गाठोडं तसंच राहतं, आणि जोर लावून ओढलं की शेजारची बारीक जागा तुटते.

पेळू, म्हणजे कातायला घेतलेली पिंजलेल्या कापसाची वळी, धरणारी बोटं यात फार महत्त्वाची. पेळू चिमटीत आवळला की तंतू निसटायला वाव राहत नाही. पिकलेलं जांभूळ धरावं तितकाच दाब पुरे. सूत चातीच्या टोकावरून दर फेऱ्याला निसटतं तेव्हा बोटांना बारीक टकटक जाणवते. ती लागेनाशी झाली तर समजा की पीळ चढत नाहीये, सूत चातीवर गुंडाळलं जातंय. अशा वेळी हाताचा कोन बदलून सूत पुन्हा टोकाकडे आणा.

कापूस कोणता, यावर पुष्कळ अवलंबून. औषधाच्या दुकानातला कापूस शिकण्यासाठी घेऊ नका. तो धुऊन शुभ्र करताना तंतूंवरचं नैसर्गिक मेण निघून जातं, त्यामुळे तंतू एकमेकांना अडतात. गादीवाल्याच्या कापसात आखूड, तुटके तंतू मिसळलेले असण्याचा संभव फार. नीट पिंजलेला कापूस घ्या आणि काडीवर हलक्या तळव्याने वळून पेळू करा. दाबून वळलेला किंवा पिशवीत चेपून राहिलेला पेळू तंतू सोडत नाही. पेळू उभ्या डब्यात सैल ठेवा.

हवेचंही भान हवं. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी तंतू कोरडे आणि ठिसूळ होतात. सकाळी काता, किंवा जवळ ओलं फडकं टांगा. पावसाळ्यात उलट होतं, दमट पेळू चिकटून बसतो. त्याला थोडं ऊन दाखवा.

एवढं करूनही सूत एकाच जागी, चातीच्या टोकाशीच तुटत असेल, तर आता चरखा तपासा. चाती हळू फिरवून टोकामागे पांढरा कागद धरा. टोक गोल हललं तर चाती वाकलेली आहे. टोकावरून नख फिरवा, खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासा. माळेतली, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणाऱ्या दोरीतली, गाठ दर फेऱ्याला हिसका देते. माळ सैल असेल तर चाक फिरतं आणि चाती मागे राहते. माळेला राळ चोळली की पकड येते. फार ताणली तर चरखा जड होतो. चाती जिथे टेकते तिथे तेलाचा एकेक थेंब पुरे, जास्त झालं तर सुताला डाग पडतो.

तुटलेलं सूत जोडताना गाठ मारू नका. ताण्यातली गाठ मागाच्या फणीत अडते आणि तिथेच तुटते. सुताच्या टोकाचा दोनेक इंच पीळ उलगडून ते पिसारा, पेळूचे थोडे तंतू बाहेर काढून त्यावर ठेवा, आणि चिमूट हळूच सोडत पीळ आत येऊ द्या. पहिल्या काही लड्यांचं सूत बाण्यालाच, म्हणजे आडव्या धाग्यांनाच, वापरा. त्याला ताण कमी बसतो आणि थोडा कमी पीळही चालतो. ताण्यासाठी गिरणीचं सूत घ्या. तुमचं सूत सलग निघायला लागलं की त्याला खळ देऊन ताण्यावर चढवा.